पाऊस दुप्पट, तरी हंडा रिकामा
मेळघाटचा खडक, पाणी, हवा आणि माणूस यांचे नाते

मेळघाटातील कामाला हातभार लावणाऱ्या मंडळ्यांकडून दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. चिखलदऱ्याला एवढा पाऊस पडतो, पावसाळ्यात दऱ्यादऱ्यांतून धबधबे कोसळतात, मग त्याच तालुक्यातल्या गावांना एप्रिल-मे महिन्यांत टँकर का लागतो? प्रश्न रास्त आहे. अकोल्याला वर्षाकाठी साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. चिखलदऱ्याला त्याच्या जवळपास दुप्पट, १५०० मिलिमीटरच्या आसपास. तरीही होळी उलटली की डोंगरावरच्या ढाण्यांतल्या बाया पहाटे अंधारात उठून नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याकडे उतरतात, वाटीवाटीने पाणी उपसून हंडा भरतात आणि तोच चढ पुन्हा चढतात.

पाऊस कमी पडतो असे नाही. लोक कष्टाला मागे सरतात असे तर मुळीच नाही. योजना अपुऱ्या पडतात हे खरे, पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. शाळेतल्या भूगोलात आपण शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण ही चार नावे पाठ केली; प्रत्येकाचा धडा वेगळा, प्रश्न वेगळे. मेळघाटात मात्र ही चारही आवरणे एकाच उतारावर एकमेकांत गुंतलेली दिसतात. एकाला धक्का लागला की तो दुसऱ्याला पोचतो आणि शेवटी अंगणवाडीतल्या वजनकाट्यावर उमटतो. म्हणून या अंकात हा गुंता थोडा सावकाश उलगडून पाहू.

थिजलेला रस

मेळघाटचा डोंगर म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, पोटातला तप्त रस बाहेर आला, पसरला आणि निवला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. भाकरींची चवड रचावी तसे हे थर एकावर एक बसले. आपला सगळा वऱ्हाड आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग या चवडीवर उभा आहे. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना रस्त्याकडेच्या कापलेल्या भिंतीकडे नीट पाहिले, तर हे आडवे थर डोळ्यांना दिसतात.

थर मात्र सारखे नाहीत. काही काळ्या घट्ट दगडाचे, ज्यात पाण्याचा थेंबही शिरत नाही. काही रस निवताना अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले, सच्छिद्र. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा सापडतो. वरून मुरलेले पाणी भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून खाली जाते, घट्ट दगडावर किंवा तांबड्या पट्ट्यावर अडते, मग आडवे सरकत डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर येते. चिखलदऱ्याच्या देवी पॉइंटला कपारीतून पाणी ठिबकताना अनेकांनी पाहिले असेल. चंद्रभागेचा उगम तिथलाच. पुढे दर्यापूरजवळून वाहणारी हीच नदी.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. गंगेच्या मैदानात वाळू आणि गाळ शेकडो मीटर खोल आहे; तिथली जमीन पाणी पिऊन धरून ठेवते. आपला काळा दगड म्हणजे चिरा पडलेले मडके. चिरांत मावेल तेवढेच पाणी, आणि तेही हळूहळू पाझरून जाणार. पाऊस दुप्पट पडला म्हणून मडके दुप्पट मोठे होत नाही.

नरनाळा आणि गाविलगड बांधणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असावे. दोन्ही किल्ल्यांवर जागोजागी तलाव आणि टाकी आहेत. पाणी खडकाच्या पोटात राहत नाही म्हणून त्यांनी ते खडकाच्या पाठीवर साठवले.

उन्हाने बोलावलेला पाऊस

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की आपण सगळे उन्हाला बोल लावतो. पण याच उन्हाने देशाच्या पोटातली जमीन समुद्रापेक्षा कितीतरी जास्त तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि त्या रिकाम्या होणाऱ्या जागेकडे समुद्रावरचे ओले वारे खेचले जातात. उन्हाळ्याची काहिली आणि पावसाळ्याची सर ही एकाच कारभाराची दोन टोके आहेत. विदर्भात अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांइतकाच, किंबहुना भर पावसाळ्यात त्याहून अधिक, आधार बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा असतो.

हे ओले वारे पूर्णेच्या मैदानावरून येतात आणि समोर सातपुडा उभा राहतो. अकोट किंवा अंजनगावहून उत्तरेला पाहा, डोंगर हळूहळू चढत नाही, भिंतीसारखा एकदम उभा आहे. पायथ्याशी जमिनीत मोठा प्रस्तरभंग आहे. त्याच्या उत्तरेचा भाग उंच राहिला आणि दक्षिणेचा पूर्णेचा पट्टा खाली खचला. मैदानाची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर आणि वैराटचे टोक ११७८ मीटर. वाऱ्याला ही भिंत चढावीच लागते. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, आणि थंड हवेत वाफ मावत नाही. ती ढग होते, थेंब होते, पडते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला पोचल्यावर अंगावर शाल घ्यावीशी वाटते ती याच हिशेबाने. विदर्भात कॉफीचे झाड फक्त तिथेच रुजले तेही त्यामुळेच.

म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आणि त्यानंतर खचलेली जमीन आजच्या पावसाची जागा ठरवते. आणि पाऊस ठरवतो की जंगल कुठे असेल. मग जंगलही आपल्या परीने पावसाला परतफेड करते. सागाचे एकेक पान सुपाएवढे. मुळांनी खालून ओढलेले पाणी या पानांतून वाफ होऊन हवेत जाते. समुद्रापासून शेकडो मैल आत आलेल्या वाऱ्यांना वाटेतली जंगले अशी पुन्हा ओल देत राहतात.

एका रात्रीत वाहून जाणारे पाणी

मेळघाटच्या माथ्यावरून पाणी दोन दिशांना उतरते. उत्तरेकडे सिपना, खापरा, खंडू, गाडगा, डोलार या नद्या तापीला जाऊन मिळतात. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. जंगलाचेच नाव नदीला मिळाले आहे. दक्षिणेकडे सापन, चंद्रभागा, शहानूर, बोर्डी, वान या नद्या पूर्णेला मिळतात, आणि पूर्णाही पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीलाच जाऊन मिळते. थोडे पूर्वेला गेले तर आणखी एक नवल आहे. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताई परिसरात तापी उगम पावते आणि वर्धा नदीही तिथलीच. तापी सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते, तर वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जाते. एकाच डोंगराळ मुलखातले पाणी दोन समुद्रांना वाटले जाते.

जुलैतल्या जोरदार पावसात सिपना एका रात्रीत पूल गाठते आणि पाऊस थांबला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा खडक उघडे पडतात. उतार तीव्र, माती पातळ, खाली घट्ट दगड. पाण्याला थांबायला सवड कुठे आहे? इथे थांबवण्याचे काम जंगल करते. पावसाचा थेंब आधी पानावर आपटतो, त्याचा जोर मोडतो, मग तो पाचोळ्यावर पडतो. पाचोळ्याखाली वाळवी, गांडुळे आणि बुरशीने भुसभुशीत केलेली माती असते. मुळे मुरमात आणि दगडाच्या चिरांत शिरून त्या रुंद करतात. अशा जमिनीत पाणी धावत नाही, चालते. आणि चालणारे पाणीच मुरते.

याचा अर्थ झाडे लावली की झरे आपोआप वाहू लागतात असा मात्र घेऊ नये. आपल्या वार्तापत्रांतून आणि भाषणांतून हे फार सोपे करून सांगितले जाते. झाडही पाणी पिते. दाट जंगलातल्या नदीला वर्षभरात एकूण पाणी कमीच मिळू शकते. जंगल करते ते पाण्याचे वेळापत्रक बदलण्याचे काम: जुलैत एकदम जाणारे पाणी थोडे थोडे करून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पुरवते. सागासारखी झाडे उन्हाळ्यात पाने गाळून आपली तहान आवरतात, हा त्यांचा शहाणपणा त्या वेळी माणसांनाही उपयोगी पडतो.

ज्या उतारावर पाचोळा नाही, तिथे हे सगळे उलटते. उन्हाळ्यात मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, कधी तेंदूला नवी पालवी यावी म्हणून आग लावली जाते, कधी नुसत्या विडीच्या थोटकाने वणवा पेटतो. दोष फक्त आदिवासींच्या माथी मारणे बरोबर नाही. जंगलात फिरायला येणाऱ्यांनीही अनेक आगी लावल्या आहेत. पण आग कोणीही लावो, परिणाम एकच. जून महिन्यातला पहिला पाऊस उघड्या मातीवर पडतो, तिचे बारीक कण उधळतो, ते कण जमिनीची छिद्रे बुजवतात, आणि लाल गढूळ पाणी माती घेऊन नाल्यात उतरते. मग पुढच्या पावसात मुरणे आणखी कमी.

उन्हाळ्यात मेळघाटच्या नद्यांत पाणी राहते ते डोहांत. नदीचे पात्र कोरडे पडते, पण खोल खडकाळ जागी पाणी टिकून राहते, वरच्या उतारावरून मुरलेले थोडे थोडे पाणी त्याला मिळत राहते. सेमाडोह, चौराकुंड ही गावांची नावे ऐका. डोह आणि कुंड. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांना पाणी कुठे टिकते हे नेमके माहीत होते. मासे, कासवे, सांबर, गवा, वाघ आणि जवळच्या गावातली माणसे, सगळ्यांचा मे महिना त्याच पाण्यावर निघतो. डोहात माती भरली की ही सगळी वस्ती एकदम उघड्यावर येते.

डोंगराचे पाणी कोण पितो

हा प्रश्न डोंगरावरच्याच लोकांचा आहे, असे मैदानात राहणाऱ्या आपल्यापैकी कोणाला वाटत असेल तर त्यांनी आपल्या नळाचे पाणी कुठून येते ते पाहावे.

सातपुडा जिथे मैदानाला टेकतो तिथे पायथ्याला गोटे, वाळू आणि मुरूम यांचा लांबच लांब पट्टा आहे. नद्यांनी हजारो वर्षे डोंगरातून आणून टाकलेला हा माल. नदी घाटातून बाहेर पडली की तिचे बरेच पाणी या गोट्यांत जिरते आणि जमिनीखालून मैदानाकडे सरकते. अचलपूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा या भागांतली संत्री, केळी आणि पानमळे या पाण्यावर उभे राहिले. पूर्वेला वरुड-मोर्शीकडे संत्र्यांच्या बागांसाठी जमिनीतून इतका उपसा झाला की विहिरी आटल्या आणि बोअर शेकडो फूट खाली गेले. जमिनीखालचा हौद आहे तेवढाच आहे. वरून भरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा वाढला की पातळी खाली जाणारच.

आणखी दक्षिणेला, पूर्णेच्या दोन्ही अंगांना, खारपाण पट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतली शेकडो गावे त्यात येतात. इथे गाळ खोल आहे, पाणीही आहे, पण ते खारे. खडक झिजताना त्यातले क्षार पाण्याबरोबर येतात. उतार असेल तर वाहून जातात. खचलेल्या पूर्णेच्या खोऱ्यात जमीन सपाट, माती चिकण आणि निचरा कमी. पाणी साचते, ऊन वाफ करून घेऊन जाते आणि मीठ मागे राहते. हे वर्षानुवर्षे नव्हे, हजारो वर्षे चालले आहे. अशा विहिरीचे पाणी पिऊन चालत नाही आणि पिकाला दिले तर काळी माती दगडासारखी घट्ट होते. म्हणून नदी दाराशी असूनही खारपाणातली शेती पावसावरच चालते.

या गावांची तहान भागते ती डोंगराच्या गोड्या पाण्यावर. वान नदीवरचे धरण, म्हणजे हनुमान सागर, मेळघाटच्या पायथ्याशी आहे आणि अकोट-तेल्हाऱ्याकडची ८४ खेडी पाणीपुरवठा योजना त्यावरच चालते. शहानूरच्या धरणावरून अंजनगाव-दर्यापूर भागातल्या गावांना पाणी जाते. अमरावती शहर सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी पिते, आणि वर्धाही सातपुड्याचीच लेक. अकोला शहराचे पाणी मात्र दक्षिणेकडून, काटेपूर्णेतून येते. तिथला डोंगर वेगळा, पण हिशेब हाच.

खारपाणातल्या एखाद्या घरी पाहुण्याला दिलेला गोड्या पाण्याचा पेला मेळघाटातल्या कुठल्यातरी पाचोळ्यातून गाळून आलेला असतो. तो पाचोळा राखणाऱ्या गावाला स्वतःला मात्र झिऱ्यावर जावे लागते. आपल्या मंडळ्यांनी मेळघाटला पाठवलेली मदत हे दान आहे असे आपण म्हणतो. मला वाटते, तिच्यातला बराचसा भाग कर्जफेडीचा आहे.

वावरातला चुनखडीचा खडा

एक छोटी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. वऱ्हाडच्या काळ्या वावरात नांगरताना पांढरट चुनखडीचे खडे वर येतात. शेतकरी त्यांना त्रासच मानतो. पण तो खडा कसा होतो पाहा. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू विरघळवून किंचित आंबट होते. ते काळ्या दगडाला हळूहळू झिजवते आणि त्यातले कॅल्शियम सोडवते. पुढे पाणी वाफ होऊन गेले की तेच कॅल्शियम कर्बाला धरून चुनखडी होऊन बसते. म्हणजे त्या खड्यात थोडा डोंगर आहे, थोडा पाऊस आहे आणि थोडी हवा आहे. जे कॅल्शियम नदीतून समुद्रात जाते, त्याचे तिथले जीव शिंपले करतात, आणि ते तळाशी साचून पुन्हा दगड होतात. अशा रीतीने खडकांची झीज लाखो वर्षांच्या हिशेबात हवेतला कर्बवायू काढून घेत आली आणि पृथ्वीची ऊब जीवांना सोसवेल एवढी राखायला तिने मदत केली. दख्खनच्या काळ्या दगडाचा त्यात मोठा वाटा आहे, कारण हा दगड गरम-दमट हवेत लवकर झिजतो. आज आपण कोळसा आणि तेल जाळून ज्या वेगाने हवेत कर्ब सोडतो, त्या वेगाला मात्र हा दगड पुरा पडणार नाही.

त्याच झिजेतून काळी माती झाली. तिच्यात चुना भरपूर, ओल धरण्याची ताकद भरपूर, पण नत्र कमी. नत्र हवेत चिक्कार आहे, पण झाडाला ते तसे घेता येत नाही. तुरीच्या, मुगाच्या, उडदाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू ते झाडाला घेता येईल असे करून देतात. ज्वारीत किंवा कपाशीत तुरीची ओळ घालणारे आपले आजे-पणजे जिवाणूंचे नाव जाणत नव्हते, पण काम जाणत होते. मेळघाटच्या उतारावरच्या बरड जमिनीत काळी माती टिकत नाही. तिथे कोरकू शेतकरी कोदो, कुटकी, सावा पेरत आले. या धान्यांना माती थोडी लागते, पाणी थोडे लागते आणि कणगीत ती वर्षानुवर्षे टिकतात.

भुकेचे महिने

मेळघाटात १९९३ साली झालेल्या बालमृत्यूंच्या बातमीने सारा देश हादरला होता. त्यानंतर समित्या आल्या, योजना आल्या, दवाखाने वाढले, आपल्यासारख्या संस्थाही गेल्या. परिस्थिती सुधारली आहे, पण जुलै ते सप्टेंबर हे महिने आजही कठीणच जातात. का, ते वरच्या साखळीवरूनच कळते.

मागच्या वर्षीचे धान्य संपलेले असते आणि नवे अजून शेतात असते. उतारावर सोयाबीन आले तसे कोदो-कुटकीचे वावर आक्रसले. सोयाबीन विकले जाते, कणगीत राहत नाही. आलेले पैसे दिवाळीपर्यंत पुरतात, आखाडापर्यंत नाही. याच दिवसांत झिरा आणि विहीर गढूळ होते, उतारावरची घाण त्यात उतरते आणि मुलांना हगवण लागते. आधीच कमी खाल्लेले मूल हगवणीने आणखी खंगते, खंगलेल्या मुलाला ताप लवकर गाठतो, नाल्याला पूर असला की दवाखाना गाठता येत नाही. आई त्याच वेळी निंदणीला वावरात असते. वजनकाट्यावर उतरलेला आकडा वरवर एका मुलाचा असतो. त्याच्या मागे उघडा पडलेला उतार, बदललेले पीक आणि उशिरा आलेला पाऊस उभा असतो.

जंगल पूर्वी या महिन्यांत ताटात बरेच काही वाढत असे. पहिल्या पावसानंतरच्या रानभाज्या, बांबूचे वास्ते, भुईतून वर येणाऱ्या छत्र्या. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली मोहाची फुले. चारोळी, तेंदूची फळे, आवळा, नदीतले मासे. मोहाचेही एक जाळे आहे. त्याची मांसल फुले रात्री वटवाघळांना बोलावतात, ती गोडव्यासाठी येतात आणि जाता जाता परागीकरण करतात, फळे लांब नेऊन बीही टाकतात. सकाळी खाली पडलेल्या फुलांवर अस्वल, हरिण आणि कोरकू बाया, सगळ्यांचा वाटा असतो. अस्वलाशी गाठ पडून दरवर्षी कोणीतरी जखमी होतो, हेही त्याच जाळ्यातले. १०४ व्या स्तोत्रात रात्री शिकारीला निघणारा सिंह आणि सकाळी कामाला निघणारा माणूस एकामागोमाग येतात. मेळघाटातल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

१९७४ साली मेळघाट हा देशातल्या पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला. वाघ राहिला म्हणून जंगल राहिले, आणि जंगल राहिले म्हणून वानला आणि शहानूरला पाणी राहिले, हे मान्यच करावे लागेल. २००१ नंतर बोरी, कोहा, कुंड ही गावे गाभ्यातून हलवली गेली आणि त्यांच्या जुन्या वावरांत आज गवताची कुरणे झाली आहेत. तिथे गवे आणि सांबरे चरतात. पण ज्या माणसांच्या ताटातले अर्धे जंगलातून येत होते, त्यांना मैदानात जमीन आणि पैसे देऊन प्रश्न मिटतोच असे नाही. पुढे अकोट तालुक्यात आणून वसवलेल्या काही गावांतली कुटुंबे पुन्हा जंगलाकडे निघाली होती, ती उगीच नव्हे. माणसाला या साखळीतून वेगळे काढता येते, पण काढल्यावर त्याच्या पोटाचे काय, हा हिशेब आधी करायला हवा होता.

पायविहीरचा उतार

अचलपूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे गाव आहे. जिथे पायऱ्या उतरून पाणी भरायचे ती पायविहीर; इथेही नावातच पाणी आहे. या गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ साली १९३ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. मिळाला तेव्हा उतार बराचसा उजाड होता. गावाने आग आणि मोकाट चराई रोखली, चर खणले, सीताफळ, आवळा अशी झाडे लावली, राखणीच्या पाळ्या लावल्या. सीताफळे पुढे मुंबईच्या बाजारापर्यंत गेली आणि २०१४ साली गावाला भारतीय जैवविविधता पुरस्कार मिळाला. मला पुरस्कारापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. तिथल्या ग्रामसभेने जंगल, पाणी आणि रोजगार हे तीन वेगळे विषय मानले नाहीत. गवत वाढले तेव्हा गुरांना चारा झाला, माती थांबली तेव्हा ओल टिकली, काम गावात मिळाले तेव्हा वीटभट्टीवर जाणारी पावले थोडी थांबली आणि मुले शाळेत राहिली.

आपल्या क्षेत्रातल्या गावांतही हेच काम लहान प्रमाणावर करता येते, आणि त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत. कोरकूंचा सर्वांत मोठा सण होळी. वीटभट्टीवर, हरभऱ्याच्या काढणीवर गेलेली कुटुंबे तेव्हा गावी परततात. तिथून मृगापर्यंतचे दिवस चर खणण्याचे. उताराला आडवे, एका पातळीत, दोन फूट रुंद आणि एक फूट खोल. निघालेली माती खालच्या काठाला टाकायची आणि तिच्यावर गवत किंवा तुरीचे बी फेकायचे. नाल्यात वरच्या टोकापासून सैल दगडांचे बांध घालत खाली यायचे. खालून सुरुवात केली तर पहिल्याच पुरात सगळे दगड वाहून जातात. झिऱ्याच्या वरच्या बाजूला शौचाला किंवा गुरे बसवायला जायचे नाही, हे गावानेच ठरवायचे.

चर कुठे खणायचा हे नकाशापेक्षा गावातल्या म्हाताऱ्यांना जास्त कळते, आणि उरलेले पहिला पाऊस सांगतो. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावर जाऊन पाहायचे. चरातले पाणी जिरून गेले असेल तर खाली मुरूम आहे, जागा बरोबर. पाणी तसेच साचून राहिले असेल तर खाली घट्ट काळा दगड आहे; पुढचा चर तिथून बाजूला सरकवायचा.